साहेबाचे ओटे आणि एक पिवळी रेषा

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर काही जुने चौथरे आहेत. स्थानिक लोक त्यांना 'साहेबाचे ओटे' म्हणतात. या ओट्यांची कथा पर्यटन-पुस्तिकांत, वृत्तपत्रांतील लेखांत आणि अलीकडे महाजालावरही वाचावयास मिळते. १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने या ओट्यांवर दुर्बीण मांडून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियम या मूलद्रव्याचा शोध लावला, अशी ती कथा. तिच्या आधाराने विजयदुर्गास हेलियमचे जन्मस्थान म्हटले जाते आणि १८ ऑगस्टला तेथे हेलियम दिन साजरा होतो.

कोकणातल्या एका किल्ल्याचे नाव जगाच्या विज्ञानेतिहासाशी जोडले जावे, ही गोष्ट कोणाही मराठी माणसास सुखावणारीच आहे. आम्हांसही ती सुखावते. म्हणूनच ती पुराव्यावर घासून पाहावी असे वाटते. न आवडणाऱ्या समजुतीची झाडाझडती घेण्यास फारसे धैर्य लागत नाही. आवडत्या समजुतीपुढे पुरावा मांडताना मात्र हात आखडतो. विजयदुर्गाच्या कथेत तर गंमत अशी, की ज्या शोधाचा अभिमान आपण बाळगतो तो शोधच मुळी एका समजुतीची सत्तावीस वर्षे चाललेली परीक्षा होता. तेव्हा आधी त्या परीक्षेचा इतिहास पाहू आणि मग तीच कसोटी ओट्यांच्या कथेला लावू.

१

चुलीच्या ज्वाळेवर मिठाचे पाणी उडाले की ज्वाळा क्षणभर पिवळीधमक होते. तो पिवळा रंग मिठातील सोडियमचा. हा प्रकाश लोलकातून पाहिला तर वर्णपटाच्या पिवळ्या भागात एकमेकींना अगदी लगटून असलेल्या दोन तेजस्वी रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या तप्त वाफेला अशा तिच्या स्वतःच्या रेषा असतात, हे किर्खोफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी १८५९-६०च्या सुमारास दाखवून दिले. या रीतीने त्यांनी सीझियम आणि रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्ये हुडकून काढली. ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीच कळणार नाही, असे ऑगस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८३५ साली बजावले होते. केवळ अनुभवगम्य ज्ञानालाच ज्ञान मानणाऱ्या विचारवंताचे हे मत होते आणि तिशीच्या आत ते अनुभवानेच खोडून काढले. सूर्यात सोडियम आहे, लोह आहे, हे लोलकाने सांगितले.

१८ ऑगस्ट १८६८चे ग्रहण या नव्या साधनाला मिळालेली मोठी संधी होती. खग्रास अवस्था दीर्घकाळ टिकणार होती आणि छायेचा पट्टा दक्षिण भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणार होता. खग्रास स्थितीत सूर्यबिंबाच्या कडेला तांबूस ज्वाळा दिसतात. त्या कशाच्या बनल्या आहेत, हा त्या काळचा प्रश्न होता. उत्तर शोधण्यासाठी निरीक्षक ठिकठिकाणी जाऊन बसले. फ्रान्सचे पिएर जान्सेन आणि ब्रिटिश अधिकारी मेजर टेनंट गुंटूरला होते. मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन मछलीपट्टणला, तर कॅप्टन हेग विजापूरला होते. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात सुप्रसिद्ध ज्योतिर्विद हर्शेल घराण्यातील लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी आपली उपकरणे मांडली होती. मराठी मुलखाच्या लगत त्या दिवशी झालेला महत्त्वाचा वेध तो हाच.

या यादीत लॉकयर यांचे नाव नाही, कारण ते भारतात नव्हतेच. त्या वेळी ते बत्तीस वर्षांचे होते, लंडनमध्ये युद्धखात्यात कारकुनी करीत होते आणि फावल्या वेळात घरच्या दुर्बिणीतून सूर्य न्याहाळीत होते. सूर्याच्या ज्वाळा तेजस्वी रेषांचा प्रकाश देत असतील तर त्या पाहण्यासाठी ग्रहणाची वाट पाहण्याचे कारण नाही, असा त्यांचा तर्क होता. लोलक सूर्याचा सरमिसळ प्रकाश पसरवून फिका करील, पण ज्वाळेच्या मोजक्या रेषा तेवढ्याच ठळक राहतील. मागवून ठेवलेला वर्णपटदर्शक ऑक्टोबरमध्ये त्यांच्या हाती आला आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनमध्ये, ग्रहण नसताना, त्यांना सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या रेषा दिसल्या. इकडे गुंटूरला जान्सेन यांना हीच युक्ती ग्रहणाच्या वेळी सुचली होती आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती यशस्वी करून दाखवली होती. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच बैठकीत आली. १८७२ साली फ्रान्सने दोघांच्या मुद्रा असलेले पदक काढून हे श्रेय वाटून दिले.

येथे एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. हे पदक ग्रहणाविना ज्वाळा पाहण्याच्या पद्धतीबद्दल होते. हेलियमशी त्याचा संबंध नव्हता.

२

मग हेलियम कोठून आले? ग्रहणाच्या दिवशी अनेक निरीक्षकांनी एक पिवळी रेषा पाहिली होती. बहुतेकांनी ती सोडियमची समजून नोंदवली. पिवळी म्हणजे सोडियमची, हा त्या काळचा साहजिक विश्वास होता आणि डोळ्यांना जे दिसले ते त्या विश्वासाच्या साच्यात बसले. पॉगसन यांनी मात्र रेषा सोडियमच्या जागी किंवा तिच्या जवळ आहे, अशी सावध नोंद केली. लंडनला लॉकयर यांना सवड होती. ग्रहणाच्या पाच-सहा मिनिटांची घाई नव्हती. ते रेषेची जागा पुन्हा पुन्हा मोजू शकत होते. ती सोडियमच्या दोन्ही रेषांशी जुळत नव्हती. आजच्या मापाने सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर येतात, आणि ही नवी रेषा ५८७.६वर. फरक एवढाच. सोडियमच्या रेषांना डी-१ आणि डी-२ अशी नावे होती, म्हणून हिला डी-३ म्हणू लागले.

रेषा सोडियमची नाही हे सिद्ध झाले, तरी ती कोणाची हे सिद्ध होत नाही. लॉकयर यांनी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्या साह्याने हायड्रोजनवर निरनिराळ्या दाबांखाली आणि तापमानांत प्रयोग केले. कदाचित हायड्रोजनच वेगळ्या स्थितीत ही रेषा देत असेल, ही शक्यता आधी दूर करणे आवश्यक होते. रेषा उमटली नाही. तेव्हा हे पृथ्वीवर अज्ञात असलेले मूलद्रव्य असावे, असा विचार पुढे आला आणि सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून त्याला हेलियम नाव मिळाले. १८७१ साली विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विन यांनी, एडिंबरोच्या जाहीर भाषणात ते नाव उच्चारले. खुद्द फ्रँकलंड मात्र या मूलद्रव्याची जबाबदारी घेण्यास तयार नव्हते. अनेक रसायनशास्त्रज्ञांना ही कल्पना उतावीळपणाची वाटे. त्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही. एका रेषेवर एक मूलद्रव्य उभे करणे ही मोठी उडी होती.

यानंतर सत्तावीस वर्षे गेली. १८९५च्या मार्चमध्ये विल्यम रॅम्से हे लंडनमध्ये क्लीव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजातून निघणारा वायू तपासत होते. ते शोधत होते आर्गॉन. वर्णपटात अनपेक्षित ठिकाणी पिवळी रेषा चमकली. त्यांनी वायूचे नमुने क्रुक्स आणि लॉकयर यांच्याकडे पाठवले आणि क्रुक्स यांच्या मोजणीने ती डी-३ असल्याचे ठरले. हाच वायू काही वर्षांपूर्वी अमेरिकेत हिलेब्रँड यांच्या हाती आला होता, पण त्यांनी तो नायट्रोजन समजून बाजूला ठेवला होता.

येथेही प्रकरण संपले नाही, आणि या इतिहासातला हा भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. रुंगे आणि पाशेन या जर्मन संशोधकांनी अधिक बारकाईने पाहिले तेव्हा क्लीव्हाइटच्या वायूची पिवळी रेषा एकेरी नसून जोडरेषा आहे, असे आढळले. सूर्यातील डी-३ तर तोवर एकेरीच मानली जात होती. आता कोंडी झाली. सूर्यातील रेषाही जोड निघाली तर दोन्ही एक, नाहीतर रॅम्से यांच्या बाटलीतला वायू वेगळाच. सत्तावीस वर्षांच्या स्वप्नावर पाणी पडण्याची खरीखुरी शक्यता होती, आणि ती कोणी लपवली नाही. इंग्लंडात हगिन्स यांनी आणि अमेरिकेत हेल यांनी दुर्बिणी पुन्हा सूर्याकडे वळवल्या. रेषा जोड निघाली. हेलियम पृथ्वीवर आले ते असे.

३

ही कथा येथेच थांबवली तर वाचकाची चुकीची समजूत होईल. द्रष्ट्या माणसाने विश्वास धरला, शंकेखोरांनी हसून घेतले आणि शेवटी द्रष्टाच खरा ठरला, असा तिचा अर्थ लावला जाईल. तसा अर्थ लावू नये म्हणून तिची दोन भावंडे शेजारी बसवून पाहावी लागतात.

हेलियमच्या आधी, १८६४ साली, हगिन्स यांना एका तेजोमेघाच्या वर्णपटात कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी न जुळणाऱ्या हिरव्या रेषा दिसल्या होत्या. त्यांच्यावरून नेब्युलियम नावाचे मूलद्रव्य कल्पिले गेले. १८६९च्या ग्रहणात अमेरिकेतील यंग आणि हार्कनेस यांना सूर्याच्या किरीटात एक हिरवी रेषा दिसली. तिच्यावरून कोरोनियम निर्माण झाले. पुरावा तिन्ही ठिकाणी एकाच जातीचा होता आणि तर्क एकाच वळणाचा. तिन्ही ठिकाणी विश्वास ठेवणारे लोक तितकेच हुशार आणि तितकेच प्रामाणिक होते. नेब्युलियम १९२७ साली मावळले. त्या रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या असल्याचे बोवेन यांनी दाखवले. कोरोनियम त्याहून चिवट निघाले. सत्तर वर्षांनी, १९३९ ते १९४१च्या दरम्यान, ग्रोट्रियान आणि एडलेन यांच्या कामातून उलगडले, की ती हिरवी रेषा तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची आहे. या उलगड्यातून किरीटाचे तापमान दहा लाख अंशांच्या घरात असल्याचे हाती आले. चुकलेली समजूत तपासताना नवे ज्ञान मिळाले ते असे.

स्वतः लॉकयर यांचेही तसेच. मूलद्रव्ये अतितप्त अवस्थेत मोडून अधिक साध्या द्रव्यांत रूपांतरित होतात, आणि विश्वातील ज्योती उल्कांच्या थव्यांतून जन्मतात, ही दोन मते त्यांनी हेलियमइतक्याच निष्ठेने मांडली. त्यांनी मांडली त्या रूपात ती टिकली नाहीत. हेलियमबद्दलचा त्यांचा आत्मविश्वास आणि उल्कांबद्दलचा त्यांचा आत्मविश्वास यांत बाहेरून पाहणाऱ्याला भेद दिसला नसता. भेद पुढच्या मोजमापांनी केला. विश्वास किती उत्कट आहे, तो कोणाचा आहे, त्याला किती वर्षे झाली, यांपैकी कशावरूनही तो खरा की खोटा ठरत नाही. काय दिसले म्हणजे आपले मत सोडून द्यावे लागेल, हे आधी सांगता आले पाहिजे. आणि मग जाऊन पाहिले पाहिजे.

४

आता ओट्यांकडे वळू. ते ओटे खोटे नाहीत. त्यांवर साहेब आला होता, हेही खोटे नाही. २२ जानेवारी १८९८ रोजी भारतावरून आणखी एक खग्रास ग्रहण गेले. त्याची छाया अरबी समुद्रावरून नेमकी विजयदुर्गाजवळ किनाऱ्याला लागली आणि महाराष्ट्र तिरका कापून ईशान्येकडे गेली. या वेळी लॉकयर खरोखरच विजयदुर्गास आले. ते आता एकसष्ट वर्षांचे होते, 'सर' होते, साउथ केन्सिंग्टनच्या सौरवेधशाळेचे प्रमुख होते. 'मेल्पॉमिनी' या ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी त्यांच्या मदतीस होते. उपकरणे हाताळण्याचा सराव त्यांच्याकडून आधी करून घेतलेला होता, कारण खग्रास अवस्था अवघी दोन मिनिटे टिकणार होती. सूर्यबिंब झाकले जाण्याच्या आणि उघडण्याच्या क्षणी बाह्य आवरणाच्या रेषा क्षणभर झळकतात. त्यांची छायाचित्रे घेणे हा मोहिमेचा प्रमुख हेतू होता. आकाश स्वच्छ होते. त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यात जेऊर येथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला हेही वेध घेत होते.

हेलियम तोवर पृथ्वीवर सापडून तीन वर्षे झाली होती.

लॉकयर यापूर्वीही एकदा भारतात येऊन गेले होते. पण तेही १८६८ साली नव्हे. डिसेंबर १८७१च्या ग्रहणासाठी ते मलबार किनाऱ्यावरील बेकलच्या किल्ल्यात उतरले होते.

तेव्हा प्रचलित कथेची फोड अशी होते: १८ ऑगस्ट १८६८ ही हेलियमच्या इतिहासातील महत्त्वाची तारीख आहे, हे खरे. लॉकयर यांचा हेलियमच्या शोधाशी अतूट संबंध आहे, हे खरे. लॉकयर विजयदुर्गावर ग्रहण पाहण्यास आले होते आणि ओटे त्यांच्या मोहिमेचे आहेत, हेही खरे. तिन्ही विधाने खरी आहेत, पण त्यांना जोडून केलेले वाक्य खोटे आहे. दंतकथा पुष्कळदा अशाच घडतात. त्यांत कोणी कपोलकल्पित असे काही घातलेले नसते. खऱ्या तुकड्यांमधली तीस वर्षे तेवढी गळून गेलेली असतात.

या दंतकथेत आणखी एक उपहास दडला आहे. लॉकयर यांची कीर्ती ग्रहण नसताना सूर्याच्या ज्वाळा पाहण्यावर उभी आहे. ते ग्रहणात सापडलेले यश आहे असे म्हणणे म्हणजे त्यांच्या कामगिरीचा गाभाच काढून टाकणे होय.

हा दोष केवळ विजयदुर्गकरांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. जान्सेन यांनी गुंटूरला हेलियम शोधले, असे विधान जगभरच्या अनेक संदर्भग्रंथांत वर्षानुवर्षे छापले गेले. जान्सेन यांच्या कामगिरीत पिवळ्या रेषेच्या वेगळेपणाचा शोध येत नाही. तेथेही पदक, पत्रे आणि तारीख या खऱ्या गोष्टी एकमेकींत मिसळून एक सोयीचे वाक्य तयार झाले. नामवंत प्रकाशनांचे जे झाले, तेच कोकणातल्या एका गावाचे झाले.

५

आम्ही भाषा-साहित्य शिकवणारे. भौतिकशास्त्र आमचा प्रांत नव्हे. परंतु या प्रश्नासाठी भौतिकशास्त्र लागतही नाही. जुन्या पोथीची संहिता तपासताना आम्ही जे करतो तेवढेच येथे पुरेसे आहे: प्रत केव्हाची, लिहिणारा तेव्हा कोठे होता, दुसरी स्वतंत्र प्रत काय म्हणते. योगायोग असा, की ज्या १८९८ साली विजयदुर्गावर लॉकयर यांची उपकरणे लागली, त्याच साली वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. मागाहून लिहिलेल्या बखरीपेक्षा समकालीन पत्राचे वजन जास्त, हा धडा त्यांनी मराठी वाचकाला घालून दिला. बखर पुष्कळदा आपल्याला आवडेल ते सांगते. पत्राला आपली आवड ठाऊक नसते. लोलकातून उमटणारी रेषाही त्याच जातीची साक्षीदार आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. कथा चुकीची असली तरी तिने मुलांना विज्ञानाची गोडी लागते, किल्ल्याकडे चार लोक वळतात. मग बिघडले कोठे? आमच्या मते बिघडते ते नेमके या ठिकाणी. विज्ञानाचा उत्सव म्हणून आपण मुलांना जे सांगतो ते विज्ञानाच्या रीतीने तपासलेले नसेल, तर शोधांची नावे पाठ करणे म्हणजे विज्ञान, असा धडा त्यांना मिळतो. रुंगे आणि पाशेन यांची जोडरेषा, हगिन्स आणि हेल यांनी पुन्हा वळवलेल्या दुर्बिणी, कोरोनियमचा सत्तर वर्षांचा भ्रम हे सारे त्या धड्यातून गळते. पुढे ही मुले मोठी होतात, आणि प्राचीन काळी आपल्याकडे काय काय होते याच्या कथा त्यांच्या कानी येतात, तेव्हा तारीख विचारण्याची सवय त्यांना लागलेली नसते. आवडती गोष्ट तपासू नये, हे त्यांनी विज्ञानदिनीच शिकून घेतलेले असते.

विजयदुर्गाला उसन्या मोठेपणाची गरज नाही. आंग्र्यांच्या आरमाराचा हा किल्ला. १७५६ साली वॉटसन आणि क्लाइव्ह यांना त्याच्यावर जंगी स्वारी करावी लागली होती. विज्ञानाच्या इतिहासातही त्याची स्वतःची, पुराव्याने सिद्ध होणारी जागा आहे. हेलियमची कल्पना ज्यांनी लढवली, त्या लॉकयर यांनी उतारवयात येऊन याच तटावरून खग्रास सूर्य पाहिला आणि ग्रहणछायेने महाराष्ट्रात पहिले पाऊल टाकले ते येथे. ही गोष्ट मूळ दंतकथेपेक्षा कमी रम्य नाही.

तेव्हा सुचवायचे ते इतकेच, की उत्सव बंद करू नये, त्याची तारीख बदलावी. २२ जानेवारीला ओट्यांवर मुले जमवावीत, एक लोलक आणि मिठाची एक चिमूट बरोबर न्यावी, ज्योतीतली पिवळी रेषा त्यांना त्यांच्या डोळ्यांनी पाहू द्यावी. मग तिच्या शेजारी, जराशी सरकून असलेल्या दुसऱ्या रेषेची गोष्ट सांगावी. आणि तिथे एखादा फलक लावायचा असेल, तर त्यावर साल मात्र १८९८ लिहावे.